थिबा राजाचं घर

रत्नागिरी, रविवार

मावशीकडे आले की थिबा पॅलेसला एक चक्कर होतेच. आज गर्दी नव्हती, त्यामुळे वरच्या मजल्यावर मनसोक्त रेंगाळता आलं. त्या अर्धगोल लाकडी खिडक्यांचं कोरीवकाम कितीही पाहिलं तरी माझं समाधान होत नाही.

ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी कुटुंबासकट इथे आणून ठेवलं. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती, यायचं-जायचं ते बहुतेक बोटीनं. कैद्याला ठेवायला याहून सोयीचं गाव कुठलं! बावीस-चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये त्याला हे घर मिळालं, आणि ते लाभलं जेमतेम सहा वर्षं. १९१२ मध्ये धाकटी राणी गेली, १९१६ मध्ये तो स्वतः. १९१९ मध्ये राणी सुपयालत मुलींना घेऊन मायदेशी परतली आणि घर रिकामं झालं. मग सरकारी साहेब राहिले, पॉलिटेक्निकचे वर्ग भरले, आता वस्तुसंग्रहालय आहे.

माझा जीव अडकतो तो थोरल्या राजकन्येपाशी. राजाच्या पदरी असलेल्या एका मराठी माणसापासून तिला मुलगी झाली, टूटू. आईबहिणींबरोबर ब्रह्मदेशात गेलेली ही राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली. त्या माणसाचा संसार आधीच मांडलेला होता. बापाच्या या एवढ्या मोठ्या वाड्यात तिला जागा नव्हती. गावातल्या साध्या घरात हलाखीत दिवस काढून १९४७ मध्ये ती गेली. टूटू मात्र इथलीच होऊन गेली. मराठी बोलली, मराठी माणसाशी लग्न केलं, शेणी थापल्या, कागदी फुलं करून विकली. २००० साली वारली, म्हणजे अगदी आपल्या काळापर्यंत होती. लोक इथे येतात, राजाच्या वस्तू बघतात आणि निघून जातात. त्यांना टूटूबद्दल कुणीतरी सांगायला हवं, असं मला फार वाटतं. या घराचा रत्नागिरीशी खरा धागा तिनेच जोडला.

थिबाचा देह ब्रह्मदेशात नेऊ द्या म्हणून घरच्यांनी केलेली विनवणी इंग्रजांनी मानली नाही. तिकडे लोक पेटून उठतील, ही त्यांना धास्ती. शिवाजीनगरला त्याची समाधी आहे, शेजारी धाकटी राणी. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत मीही जाणार आहे.