संख्याशास्त्रातली पीएचडी आणि असिस्टंटशिप : माझा अनुभव

अमेरिकेत संख्याशास्त्रात एमएस करायचं तर बहुतेक ठिकाणी खर्च आपला आपणच उचलायचा असतो. पीएचडीचं तसं नाही. प्रवेश देतानाच विभाग सहसा असिस्टंटशिप देतो : फी माफ, दरमहा स्टायपेंड आणि त्या बदल्यात आठवड्याला साधारण २० तास काम. मला कर्ज काढायचं नव्हतं, म्हणून मी थेट पीएचडीलाच अर्ज केले. असिस्टंटशिपसाठी वेगळा अर्ज लागला नाही; प्रवेशाच्या फॉर्मवरच तसा रकाना होता.

ऑफर लेटरं फेब्रुवारी-मार्चमध्ये आली आणि खरं काम तिथून सुरू झालं. स्टायपेंडच्या आकड्यावर नजर आधी जाते, पण नुसत्या त्या आकड्यावर काहीच ठरवता येत नाही. एका ठिकाणी आकडा मोठा होता, मात्र नेमणूक नऊ महिन्यांची होती आणि विद्यार्थ्यांकडून घेतली जाणारी इतर शुल्कं फीमाफीत धरलेली नव्हती. दुसरीकडे आकडा लहान, पण आरोग्यविम्याचा हप्ता विद्यापीठ भरणार होतं आणि प्रगती समाधानकारक असेल तर पाच वर्षं आधार मिळेल, असं लेखी दिलेलं होतं. मी सगळी पत्रं एका तक्त्यात मांडली : हातात येणारी रक्कम, उन्हाळ्याची सोय, विमा, शुल्कं, त्या गावातलं घरभाडं, हमी किती वर्षांची. तक्ता भरून झाला आणि पसंतीचा क्रमच बदलला. पत्रात जे स्पष्ट नव्हतं ते विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरना ईमेल करून विचारलं. असे प्रश्न त्यांना रोजचेच असतात. संकोच करू नये.

एका विभागाला उत्तर मार्चमध्येच हवं होतं. पण काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे : त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही. त्या विद्यापीठाचं नाव यादीत आहे हे पाहून मी नम्रपणे ठरावाचा उल्लेख केला आणि मुदत मिळाली. एवढ्या मोठ्या निर्णयात ते काही आठवडे फार मोलाचे असतात.

तिथे पोचल्यावर सोशल सिक्युरिटी नंबर (पगारासाठी लागणारा सरकारी ओळख क्रमांक) काढणं आलं. नोकरीचं पत्र आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र असलं की ते अवघड नाही. पण पहिला पगार हाती येईपर्यंत घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं भरायला पैसे जवळ असावेच लागतात. स्टायपेंडवर आयकर लागतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे निवृत्तिवेतन आणि उतारवयातल्या आरोग्यविम्यासाठी पगारातून होणारी कपात मात्र एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला साधारण पहिली पाच वर्षं लागू होत नाही. शिवाय भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (करपात्र उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. विवरणपत्र भरताना हे विसरू नये.

टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून शिकवण्याआधी बोली इंग्रजीची चाचणी द्यावी लागली. सुरुवातीला गृहपाठ तपासणं आणि ऑफिस अवर्स, मग प्राथमिक संख्याशास्त्राचा लॅब सेक्शन. समोर नर्सिंगची, मानसशास्त्राची मुलं. गणिताचा धसका घेतलेली. पी-व्हॅल्यू म्हणजे शून्य परिकल्पना (‘काही फरक नाही’ हे गृहीतक) खरी असण्याची संभाव्यता नव्हे, हे त्यांना पटवताना मला माझेच शब्द पुन्हा पुन्हा घासून घ्यावे लागले. हे काम मला मनापासून आवडलं. पुढे क्वालिफायिंग परीक्षेच्या (पीएचडी पुढे चालू ठेवण्यासाठी पास व्हावी लागणारी परीक्षा) तोंडावर वेळेची ओढाताण झाली, तरी शिकवणं सोडावंसं वाटलं नाही.

सगळ्यात जास्त विचार उन्हाळ्याचा करावा लागतो. नऊ महिन्यांची नेमणूक मेमध्ये संपते. बाहेर इंटर्नशिप करायची तर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी) लागतं, आणि ते सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळतं. नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट फेलोशिप अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच आहे. आपल्याला तो दरवाजा बंद. प्राध्यापकांच्या ग्रँटवरच्या (संशोधन अनुदानावरच्या) आरएशिपला, म्हणजे रिसर्च असिस्टंटशिपला मात्र सहसा तशी अट नसते, आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याची खरी ताकद इथेच आहे. सार्वजनिक आरोग्य, कृषी, शिक्षणशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सगळीकडे डेटा पडून असतो आणि मिक्स्ड मॉडेल (एकाच व्यक्तीच्या अनेक मोजमापांसारख्या, एकमेकांशी जोडलेल्या डेटासाठीची पद्धत) नीट बसवणारं माणूस त्यांना हवं असतं. मी आमच्या विभागाच्या कन्सल्टिंग सेंटरमध्ये जाऊन बसायला लागले. तिथे सल्ला घ्यायला आलेल्या एका संशोधन गटाला एकाच रुग्णाच्या वारंवार घेतलेल्या मोजमापांचं विश्लेषण करून हवं होतं. त्यांच्या ग्रँटवर उन्हाळ्याची आरएशिप मिळाली.

उन्हाळ्याच्या आरएशिपची विचारणा जानेवारीतच करावी. ग्रँटचं उन्हाळ्याचं बजेट वसंत सत्रातच वाटलं जातं. एप्रिलच्या शेवटी गेलं तर प्राध्यापकांची इच्छा असूनही पैसे उरलेले नसतात.