ट्राऊटवाले सर आणि चोणक

मी गोव्यातल्या चोडण बेटावरचा, सीझनमध्ये लोकांना होडीतून गरवायला नेतो. ऑक्टोबरात अमावास्येचं उधाण गाठून पुण्याचे एक रिटायर्ड सर आले आणि बॅगेतून काढलं काय, तर फ्लाय रॉड, खोटी माशी लावून गरवायचा बारीक दांडा. काश्मीरात विशनसर तलावावर, साडेतीन हजार मीटरच्या वर, बर्फाच्या पाण्यात ट्राऊट धरलेला माणूस. वाटेत सांगत होते, ट्राऊट मूळची तिकडची नाहीच, १९०० च्या सुमाराला स्कॉटलंडहून अंडी आणून वाढवली. मला हे नवीनच. पण त्यांची लाईन बघून माझ्या पोटात गोळा आला, केसासारखी बारीक. म्हटलं सर, चोणक म्हणजे आमचा खाडीतला मोठा मासा, त्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, ही टिकायची नाही. "अरे बघू तर," म्हणाले.

आमच्याकडे माशामागे फिरायचं नसतं, पाण्याची वाट बघायची. खाजन म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल जमीन, तिच्या मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजाची, लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटी लागली की उघडतात, मग आतलं पाणी सुंगटां (कोळंबी) आणि बारीक मासळी घेऊन धो धो बाहेर येतं आणि चोणक बाहेर तोंड वासून तयार. मानशीतली मासळी लिलाव घेतलेल्याची, म्हणून होडी आम्ही जरा लांब नदीतच नांगरतो, उगाच भांडण नको.

पहिला लागला आणि ताड! सर गप्प. मी माझी चाळीस पाऊंडाची लाईन बांधून दिली. दुसरा लागला तर सरांनी सवयीने रॉड वर उचलला, ट्राऊटला तसंच करतात म्हणे, पण चोणकाचं तोंड टणक, गरी रुतलीच नाही. मी ओरडलोच, सर रॉड खाली, लाईन हाताने ओढा! नंतर लाज वाटली, वडिलांच्या वयाचा माणूस.

तिसऱ्याला ओढली. तो पाण्याबाहेर उडाला, डोकं झाडलं, खारफुटीच्या मुळांकडे सुटला, सर होडीत गुडघ्यांवर, टोपी पाण्यात, मी वल्ह्याने होडी मागे रेटतोय. जवळ आणला तर सात-आठ किलो सहज. होडीत सोबत असलेल्या माझ्या मावसभावाने मनातल्या मनात पणजी मार्केटचा भाव लावून पण टाकला होता, तेवढ्यात सर म्हणाले, "सोडूया."

मी पण हो म्हटलं, ते त्याला अजून पटलेलं नाही. चोणक आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो, म्हणजे एवढ्या मापाचा असला तर बहुतेक अंड्यावरची मादीच. गरी काढताना कल्ल्याने तळहात फाडला तो फाडलाच, तशाच हाताने तिला प्रवाहाकडे तोंड करून धरून बसलो, आधी आडवी पडत होती, मग कल्ले नीट हलायला लागले आणि शेपटीचा एक फटका देऊन गेली, सगळं पाणी माझ्या तोंडावर.

भाऊ जेटीपर्यंत बोलला नाही. सरांनी टोपीचं दुःख केलं नाही, दोनदा शेकहॅन्ड केला, तोही कापलेल्या हाताशी.

घरी बांगडे घेऊन गेलो तर आई म्हणते, दिवसभर नदीत होतास ना रे, मग हे बाजारातले का?