ढाक बहिरीची गुहा आणि ‘मध्यम’ श्रेणीची जाहिरात

ज्या जाहिरातीवरून आम्ही ढाक बहिरीला, म्हणजे ढाकच्या कड्यातल्या बहिरी या देवाच्या गुहेला, जायचे ठरवले, तिच्यात या ट्रेकची श्रेणी ‘मध्यम’ अशी दिली होती आणि खाली ‘गुहेपाशी थोडा दोराचा टप्पा’ एवढेच एक वाक्य होते. त्या ‘थोड्या’ टप्प्यात आमच्या चौघांपैकी एक जण कड्याला चिकटून वीस-पंचवीस मिनिटे जागचा हलला नाही. तो एक जण मीच होतो, हे आधीच सांगून टाकतो; म्हणजे पुढच्या मजकुरात अनुभव कुठे बोलतो आहे आणि भीती कुठे, हे वाचणाऱ्याला वेगळे काढता येईल. परत येऊन दोन दिवस झाले, तरी मांड्या भरलेल्या आहेत आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो आहे.

बेत चार दिवसांचा आणि निव्वळ गुहांचा होता. लेण्याद्री, नाणेघाट, हरिश्चंद्रगड आणि परतीच्या वाटेवर ढाक, असा क्रम लावला होता. लेण्याद्रीला पायऱ्या चढून सातव्या लेण्यातल्या गिरिजात्मजाचे दर्शन घेतले. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागणिकेचा ब्राह्मी शिलालेख पाहिला. यज्ञांत दिलेल्या गाई-घोड्यांचे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत, आणि मागच्या भिंतीवर सातवाहनांच्या मूर्तींची आता फक्त पावले उरली आहेत. दोन्ही ठिकाणी त्रास म्हणावा असा काहीच झाला नाही, त्यामुळे त्यांच्यावर याहून अधिक शब्द खर्च करत नाही.

ढाकला पुण्याच्या बाजूने जायचे तर कामशेत स्थानकावर उतरून जांभिवली गाठावी लागते. गावाजवळच्या कोंडेश्वराच्या देवळापासून चाल सुरू होते. गुहेपर्यंत अडीच-तीन तास लागतात, आणि त्यांतला बराचसा वेळ रानातून आणि पठारावरून सरळ चालण्यात जातो. वाट अवघड नाही. अडचण आहे ती गुरांच्या वाटांची. त्या मुख्य वाटेसारख्याच मळलेल्या असतात, आणि एकदा चुकीच्या वाटेला लागले की अर्धा तास हकनाक जातो. म्हणून गावातून वाटाड्या घ्यावा. आम्ही घेतला होता, आणि चार दिवसांतला सर्वांत योग्य खर्च तोच ठरला.

पठार संपले की कळकरायचा सुळका आणि ढाकचा कडा यांच्यामधली खिंड समोर येते. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ढाकचा किल्ला वेगळा आणि बहिरीची गुहा वेगळी. किल्ला वरच्या माथ्यावर आहे, तर गुहा त्याच्या कड्याच्या पोटात आहे. गुहेत जाऊन आलेली माणसे ‘ढाकचा किल्ला केला’ असे सांगतात, ते ऐकून दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा बेत कोणी करू नये.

गुहा कड्याच्या मधोमध का, याचे उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक साचत गेले, आणि आजचा सह्याद्री म्हणजे त्या थरांची उतरंड आहे. सगळे थर सारखे कठीण नसतात. काही घट्ट, तर काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले असतात, आणि कुठे कुठे दोन प्रवाहांच्या मध्ये लाल मातीसारखा ठिसूळ पट्टा असतो. पाणी आणि वारा आधी मऊ थर खातात, आणि वरचा कठीण थर छतासारखा तसाच राहतो. सह्याद्रीतल्या नैसर्गिक गुहा म्हणूनच बहुधा उंचीला कमी, रुंदीला जास्त आणि कड्याला आडव्या असतात. लेणी कोरणाऱ्यांनी आपल्या सोयीचा खडक निवडला आणि दारापर्यंत पायऱ्याही खोदल्या. निसर्गाला तशी गरज पडली नाही.

खिंडीतून खाली उतरणारी घळ हा पहिला अडथळा. ती इतकी अरुंद आहे की पाठीवर मोठी सॅक असेल तर माणूस मध्येच अडकतो. सॅक काढून हातोहात खाली द्यावी लागते आणि पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला टेकवत उतरावे लागते. आमच्यातल्या धडधाकट मेहुण्याला इथे शर्टाची एक बाही गमवावी लागली. तरीही घळ भीतिदायक नाही, कारण दोन्ही बाजूंना दगड असतो. भीती पुढे सुरू होते. घळ संपल्यावर एका बाजूचा दगड एकदम नाहीसा होतो, आणि कळकरायकडे पाठ करून, छाती कड्याला लावून, खोदलेल्या खोबण्यांमधून आडवे सरकावे लागते. खाली थेट दरी आहे. ‘मध्यम’ हा शब्द लिहिणाऱ्याने ही जागा पाहिली असेल यावर माझा विश्वास नाही, आणि पाहिली असेल तर त्याला क्षमा नाही.

आडव्या वाटेनंतर उभा टप्पा येतो. तिथे दोर आहेत, आणि शेवटी झाडाचे एक खोड कड्याला टेकवून शिडीसारखे बांधलेले आहे. हे दोर कोणी बांधले आणि कधी बांधले, हे बघून कळत नाही. त्यांतल्या एकाचे वरचे आवरण हातभर उसवले होते आणि आतले पांढरे तंतू केसांसारखे बाहेर आले होते. मी नेमका तोच धरून वर बघत होतो. वाटाड्या अनवाणी, एका हातात पाण्याचा कॅन घेऊन माझ्या वर उभा होता. तो म्हणाला, “दादा, दोराकडं बघू नका, खोबणीकडं बघा. दोर नुसता हाताला असू द्या.” त्याने खाली वाकून माझ्या बुटाची टाच धरली आणि पाय नेमका खोबणीत बसवला. खोबण्या चांगल्या खोल आहेत. त्या सापडल्या की चढण वाटते तितकी कठीण नाही, हे मान्य करतो. पण त्या चढताना सापडतात. उतरताना त्या पोटाखाली असतात आणि दिसत नाहीत.

गुहेत पोहोचल्यावरचा आनंद मात्र खरा होता. बहिरीचे ठाणे, पाण्याची टाकी आणि समोर राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले. गुहेत स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. येणाऱ्याने ती वापरावीत, राखेने घासावीत आणि होती तशी पालथी घालून ठेवावीत, अशी रीत आहे. खालून धुराने काळी पडलेली आणि आतून लख्ख अशी ती पातेली पाहून मला सबंध सहलीत पहिल्यांदा बरे वाटले. भांडे खाली नेणाऱ्याचे बहिरी बघून घेतो, असे वाटाड्याने सांगितले. त्या कड्यावरून पातेले घेऊन उतरण्याचा विचार ज्याला सुचेल, त्याच्याकडे बघायला बहिरीची गरज पडणार नाही.

मी अडकलो तो उतरताना, खोडाच्या खाली. डावा पाय खोबणीत होता, उजवा हवेत फिरत होता, आणि त्याच वेळी खालून पंधरा-वीस जणांचा एक गट त्याच दोराला धरून वर येऊ लागला. वाट एकच आहे. कोणाला तरी थांबावेच लागते. त्यांच्या म्होरक्याने ‘काका, जरा बाजूला व्हा’ असे सांगितले. बाजूला फक्त दरी होती. शेवटी वाटाड्याने त्या गटाला मागे सरकवले, माझ्या कमरेला आमचा दोर बांधला आणि मला एकेक पाऊल सांगत खाली आणले.

यावरून जाणाऱ्यांसाठी जे म्हणायचे आहे ते असे. शनिवार-रविवारी जाऊ नये, आणि गेल्यास सकाळी नऊच्या आत गुहेत असावे. तीस मीटरचा स्वतःचा दोर, प्रत्येकाला हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि दोर हाताळता येणारा किमान एक माणूस सोबत असावा. जागेवरच्या दोराला आधार समजावे, भरवसा नव्हे. पावसाळ्यात आणि पाऊस थांबल्यानंतरच्या काही आठवड्यांत या बाजूला फिरकू नये, कारण शेवाळलेल्या बेसॉल्टवर, म्हणजे इथल्या काळ्या खडकावर, बुटाची कोणतीही महागडी तळी टिकत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कड्यांवर आग्या मोहळे असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा, तिन्ही वर्ज्य. उंचीचे भय असणाऱ्याने खिंडीतच थांबावे. तिथे सावली आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. जाहिरातीत ‘लहान मुलेही करू शकतात’ असे लिहिले असेल, तर मूल घरी ठेवावे आणि जाहिरात देणाऱ्याला पुढे घालावे.

तुलनेसाठी हरिश्चंद्रगडाचे दोन शब्द. पाचनईकडून चढलो, वाट सोपी. केदारेश्वराच्या गुहेत भल्या मोठ्या शिवलिंगाभोवती कमरेइतके पाणी आहे आणि चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तो पडला की कलियुग संपणार, हे तिथे दर दहा मिनिटांनी कोणी तरी कोणाला तरी सांगत असते. पाणी इतके थंड की प्रदक्षिणा घालताना पाय आपले वाटेनासे होतात. गुहा पाहायची हौस आहे पण कड्याशी झटापट नको, अशांनी निःशंकपणे इथे यावे आणि ढाक विसरावे. आम्ही आधी हे पाहून मग ढाकला गेलो आणि गुहा म्हटली की अशीच असणार असे गृहीत धरले, ही चूक आमचीच.

राहिला जीपचा विषय. कामशेतहून जांभिवलीला जाताना जीपवाल्याने सातशे रुपये घेतले, आणि परतीसाठी चार वाजता येतो म्हणाला. तो साडेपाचला आला. आमची अवस्था पाहून त्याने अकराशे मागितले, आणि ‘अंधार पडला की दर वेगळा’ असे कारण दिले. तेव्हा सूर्य डोंगरावर वीतभर होता. एसटीच्या मोजक्या फेऱ्यांच्या भरवशावर राहता येत नाही, आणि हे त्याला आमच्याइतकेच ठाऊक होते. पैसे दिले. जाणाऱ्याने दोन्ही वेळचे भाडे निघण्यापूर्वीच ठरवावे, निम्मी रक्कम परत कामशेतला उतरल्यावरच द्यावी, आणि वाटाड्याला विचारून गावातल्याच एखाद्या गाडीवाल्याचा क्रमांक सकाळीच घेऊन ठेवावा. तसा एक क्रमांक आम्हाला मिळाला, पण तो जीपमध्ये बसल्यावर.