समेआधी थांबलेला जर्मन

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या माझ्या तबल्याच्या क्लासला नवीन पालक आले की तोंडं बघण्यासारखी होतात. फी भरली तबल्याची आणि पोरगं नुसतं तोंडानं 'धातिरकिट धातिरकिट' करतंय! अशांना मी आता कुर्ट श्विटर्स ऐकवतो.

हा हॅनोव्हरचा चित्रकार. ट्रामची तिकिटं, कागदाचे कपटे, लाकडाचे तुकडे चिकटवून चित्रं करायचा. १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षं त्यानं 'उर्सोनाटे' नावाची कविता घडवली. नुसते ध्वनी, अर्थाचं नाव नाही. बीज मित्राचं, राऊल हाउसमानच्या १९१८ च्या एका पोस्टरवरच्या निरर्थक अक्षरांचं. १९३२ मध्ये श्टुटगार्ट रेडिओसाठी त्यानं तिचा काही भाग स्वतःच्या आवाजात म्हटला. पाचच वर्षांनी नाझींमुळं त्याला देश सोडावा लागला, पण तो विषय वेगळा.

लोक याला वेडेपणा म्हणतात. गवई अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात तराण्याला, म्हणजे बिनअर्थाच्या बोलांच्या गाण्याला, माना डोलावणाऱ्यांनी तरी तसं म्हणू नये. पहिल्या भागात तो एकेक अक्षर जोडत ओळ वाढवत नेतो. आमच्या तबल्यातला कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, तिचा विस्तार असाच फुगत जातो. तिसऱ्या भागात 'लांके त्रर ग्ल' हा तुकडा मुखड्यासारखा फिरून फिरून येतो, आणि त्यातला 'र' तो असा घोळवतो की 'तिरकिट' स्वच्छ न निघणाऱ्या पोरांनी तेवढ्यासाठी तरी ऐकावं. दुसरा भाग संथ आहे. मला कंटाळा येतो, लपवत नाही.

खरी गंमत शेवटी. मुळाक्षरं उलटी म्हणत तो पहिल्या अक्षराकडं, 'आ'कडं येतो. दोनदा अलीकडच्या 'बे'वर थांबतो. तिसऱ्यांदा 'आ' गाठतो. वाटतं, झाली तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर आणायचा तुकडा; आली सम, तालाची पहिली मात्रा. तर गडी चौथ्यांदा सुरू करतो आणि 'बे'वरच, प्रश्न विचारल्यासारखा, सोडून देतो. हा 'बे' इथं दुखरा वाटतो, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

याप ब्लाँक हा डच कलाकार अख्खी कविता सादर करतो. त्याचा शेवट वर्गात लावला, तर आठवीतलं एक पोरगं ताडकन म्हणालं, "सर, ह्येनं सम खाल्ली की ओ!"

मी म्हटलं, आपल्यातही अनागत आहे, समेच्या अलीकडं संपणारं. पोरगं कुठलं ऐकतंय! "पण सर, तवा लेहरा चालू असतोय. सम कुठं हाय ते कळतंय." मुद्दा बिनतोड होता. श्विटर्सच्या मागं पेटीवर लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी फिरती धून, धरणारं कोणीच नाही.

मग पेटी बंद केली आणि प्रत्येकाला तीनतालात एक मात्रा अलीकडं संपणारी तिहाई नुसती तोंडानं म्हणायला लावली. निम्म्यांनी पुढचा 'धा' म्हणूनच टाकला. उरलेल्यांनी दात-ओठ खाऊन दाबला. दाराशी चपला घालत उभ्या असलेल्या एका आईनं विचारलं, "सर, तबला कधी सुरू करणार?"