मॅकिन्लीच्या हातातला कागद

होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात शिरताना बुटांवर कापडी मोजे चढवावे लागतात. पाय घासत आम्ही कोआ लाकडाच्या जिन्याने वर गेलो. तिथल्या एका खोलीत काचेच्या पेटीत एक गोधडी आहे. १८९५ मध्ये राणी लिलिउओकलानीला याच खोलीत जवळजवळ आठ महिने कोंडलं होतं, तेव्हा शिवायला घेतलेली. रेशमी तुकडे वेडेवाकडे जोडलेले, त्यांवर तारखा आणि नावं भरलेली. तिच्यापुढून माझा पाय निघेना.

राणीच्या हातून हवाईचं राज्य गेलं ते १७ जानेवारी १८९३ ला. राणीने नवी राज्यघटना आणायचं ठरवलं, हे निमित्त. पण आधीची खदखद साखरेची. साखरपट्ट्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. अमेरिकेच्या तिजोरीत तेव्हा नको इतकी जकात साठत होती (अशी अडचण कोणाला येते!). म्हणून १८९० मध्ये मॅकिन्ली नावाच्या खासदाराच्या कायद्याने कच्च्या साखरेवरची जकात काढली आणि देशी उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. हवाईची साखर १८७५ च्या करारामुळे आधीपासूनच बिनजकातीची होती. आता सगळ्यांचीच तशी झाली, आणि परक्या हवाईला अनुदानही नाही. भाव कोसळले. अमेरिकेत सामील झालो तर अनुदान आपलंही, असा हिशोब हवाईतल्या काही गोऱ्यांनी मांडला. सगळ्या मळेवाल्यांनी नाही. अमेरिकी कायदा लागू झाला तर मजुरांचे करार मोडतील ही धास्ती होतीच. बंड झालं तेव्हा अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक राजवाड्याजवळ उभे होते.

अध्यक्ष क्लीव्हलंडने मात्र हवाई घ्यायला नकार दिला. त्याच वर्षी अमेरिकेत बँका बुडाल्या, पुढच्या वर्षी पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीतून रेल्वे संप पेटला. कारखान्यांचा माल खपवायला परदेशी बाजार हवेत, ही बोली वाढत गेली. १८९७ मध्ये विलीनीकरणाचा करार आला तेव्हा हवाईतल्या एकवीस हजारांहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या, आणि सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं न जुळून तो अडकला. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध जुंपलं, स्पेनच्या ताब्यातल्या मनिलाच्या वाटेवर तळ हवा झाला. मग करार सोडून, दोन्ही सभागृहांत साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने काम उरकलं. अध्यक्ष कोण? तोच मॅकिन्ली.

संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या किंग स्ट्रीटवरून त्याच्या नावाच्या शाळेपर्यंत चालत गेले. समोर त्याचा पुतळा आहे, हातात कागद. त्यावर कोरलंय, ‘विलीनीकरणाचा करार’. मंजूर न झालेला.