मंगळवार, पहाटेचे चार

रात्री एकला जाग आली ती लघवीला. त्यात नवल काही नाही. मला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. त्यात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी जातच राहतं. उशाशी पाण्याची बाटली असतेच, पण काल ती न भरताच झोपले. त्यात संध्याकाळी भिजलेल्या कपड्यांत तासभर बसून राहिले होते. म्हणजे दोन्ही चुका माझ्याच.

परत आडवी झाले तर डावी नडगी जड. अजून दुखत नव्हती. ठणका सुरू व्हायच्या आधी हाड असं आतून भरल्यासारखं होतं. हे इतक्या वर्षांत मला कुणालाही नीट सांगता आलेलं नाही.

पॅरासिटामॉलच्या पाकिटाकडे हात गेला, तोवर आई दारात. "आधी ताप बघ." बरोबर होतं तिचं. गोळीने ताप उतरतो आणि आत जंतुसंसर्ग असला तर तो झाकला जातो. ९८.८. मग गोळी, आणि वहीत वेळ: १:२०. अर्धवट झोपेत दुसरा डोस लवकर घेतला जाऊ नये म्हणून लिहायचं, लिव्हरचा प्रश्न असतो. आयब्युप्रोफेन माझ्या किडनीमुळे डॉक्टरांनी बंदच केलीय.

मग दोन ग्लास पाणी आणि गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून. मागे एकदा गुडघा सुजला तेव्हा मावशीने प्रेमाने बर्फ आणून लावला होता. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, आणि माझ्या विळ्यासारख्या वाकड्या पेशी तर आधीच तिथे अडकून बसलेल्या! धडधाकट माणसाच्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, माझ्या जेमतेम १० ते २०.

अडीचला ठणका चढला. डॉक्टर दहापैकी आकडा विचारतात. आईचं माप वेगळं. "तू माझ्याशी भांडतेयस तोवर घरी थांबू. गप्प झालीस की गाडी काढते." म्हणून मी भांडत राहिले, पिशवी जास्त गरम आहे, दिवा डोळ्यांवर येतोय, काय वाट्टेल ते. कपाटाच्या दारावर कागद चिकटवलेला आहे: ताप १०१ च्या वर, छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं. यातलं काहीही झालं, किंवा गोळ्यांनी दुखणं आवरेना, तर थेट दवाखाना.

जायला मन घेत नाही, हेही खरं. एका रात्री तिथल्या एका डॉक्टरने विचारलं होतं, "एवढं दुखतंय तर फोन कसा बघतेस?" लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून बघत होते. तेव्हापासून तिथे गेले की फोन उशीखाली लपवते. दुखणाऱ्या माणसाने दुखल्यासारखं दिसायलाही हवं, हा जादा ताप.

हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाल्यापासून अशा रात्री बऱ्याच कमी झाल्यात. ती कॅप्सूल रोज घेतली तर गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी वाकायचं प्रमाण घटतं. चालू ठणक्यावर मात्र तिचा उपयोग नाही.

आता ठणका उतरलाय, वहीत दहापैकी तीन लिहिलं. पिशवी गार पडलीय. आई खुर्चीतच झोपलीय, थर्मामीटर हातात. पिशवी पुन्हा भरायला तिच्या पायांवरून ओलांडून जावं लागेल, म्हणून तशीच पडून आहे.