गुळव्याची लेक

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की मराठीत लिहिणाऱ्या माणसाचा फोन थांबत नाही. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. शाळा, कॉलेजं, बँका, वाचनालयं, सगळ्यांना एकाच दिवशी पाहुणा हवा असतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून बोलावणी आणखी वाढलीत आणि मला त्याचा आनंद आहे. शाल-श्रीफळ मी मानानं घेते. पण मानधनाचं आणि जाण्यायेण्याच्या खर्चाचं आधी फोनवरच बोलून ठेवते. आमच्या घरातला निम्मा किराणा माझ्या लिहिण्यावर येतो: दिवाळी अंकांच्या कथा, आकाशवाणीसाठी संहिता, भाषांतरं, सहकारी संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांचं संपादन. उरलेला निम्मा नवऱ्याच्या उद्यमनगरातल्या लेथवर. लिहू पाहणारी मुलं विचारतात तेव्हा हा हिशोब मी असाच मोकळेपणी मांडते. त्यांनी तो माहीत करून घेऊनच या वाटेला यावं.

यंदा त्या दिवशी सकाळी एका कॉलेजात तासभर बोलायचं होतं आणि संध्याकाळी कोल्हापुरातच, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात माझ्या कथेचं अभिवाचन होतं. कॉलेजचं चांगलं झालं. त्याबद्दल एवढंच. खरा दिवस सुरू झाला तो घरी परतल्यावर.

कथा गुऱ्हाळातली. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळात रात्र रात्र बसून लिहिलेली. घाण्यातनं रस येतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडतो, भेंडीचं पाणी घालून मळी वर काढतात, खाली चुलवाणात चिपाडं सारत जळव्या घामानं भिजलेला असतो. आणि या सगळ्याचा राजा म्हणजे गुळव्या. पाक साधारण ११८ अंशांच्या आसपास तयार होतो, पण गुळव्या तापमान मोजत नाही. तो पाक बघतो आणि एक हाक देतो. त्या हाकेवर काहील उतरते, पाक वाफ्यात ओततात आणि थंड होऊन त्याचे रवे, म्हणजे ढेपा बनतात. हाक अर्ध्या मिनिटानं चुकली तरी गूळ एक तर चिकट राहतो, नाही तर करपतो. माझ्या कथेत त्या हाकेआधीची रात्र आहे आणि काहिलीजवळ बसून बापाकडं बघत असलेली एक लहान पोर आहे.

घरात पाय ठेवला तोच कागलहून फोन. एका हायस्कुलात शिकवणारा माझा कवी मित्र. करवीर नगर वाचन मंदिरात आमची ओळख झाली. ते वाचनालय १८५० सालचं, आमची मैत्री तिथल्या मासिकांच्या टेबलावरची. तेव्हापासून माझा प्रत्येक कच्चा खर्डा आधी त्याच्याकडे जातो आणि त्याच्या कविता माझ्याकडे येतात. तो म्हणाला, "रात्री परत वाचली. शेवटचं पान काढ."

"आज? संध्याकाळी वाचायचीय ती."

"म्हणून तर आत्ता सांगतोय. गुळव्या 'उतरा' म्हणाला, तिथं कथा संपली. पुढं तू आम्हाला समजावून सांगायला लागलीस."

त्या शेवटच्या पानात पोर मोठी होऊन माहेरी येते आणि बंद पडलेलं गुऱ्हाळ बघते. ते पान मी फार जिवापाड लिहिलं होतं. बघते म्हणाले आणि फोन ठेवला. असं तोंडावर सांगणारं माणूस मिळणं ही लिहिणाऱ्याची मोठी कमाई आहे, पण ज्या दुपारी ते सांगतं त्या दुपारी पोटात कालवतंच.

दोन वाजता अभिवाचन करणारी माझी मैत्रीण आली. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचावर वाढलेली ही बाई. राज्य नाट्य स्पर्धेत तिथंच पहिल्यांदा उभी राहिली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह जळालं तेव्हा ती खासबाग मैदानाच्या बाजूला रस्त्यावर उभी राहून रडत होती. १९१५ साली उभं राहिलेलं, शाहू महाराजांनी बांधलेलं घर ते. तेव्हापासून ती जिथं जागा मिळेल तिथं वाचते, आणि कुठंही वाचली तरी शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी वाचते.

लेकीची दहावीची परीक्षा चालू होती, म्हणून बाहेरची खोली तिची. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, खाली लसूण निवडत होत्या. मैत्रिणीनं वाचायला सुरुवात केली. 'गुळव्यानं पाक बघितला' या वाक्याशी आली आणि थांबली.

"बघितला म्हणजे नेमकं काय करतो? मला हात कळायला पाहिजे."

मी गुऱ्हाळात पाहिलं होतं ते सांगितलं. पाक थोडा उचलायचा, गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळते का बघायची. तोवर आत्यांनी लसणाची ताटली बाजूला सारली.

"आसं न्हवं. हिकडं बघ."

त्यांनी माठातलं पाणी एका वाटीत घेतलं. उजवा हात मनगटापर्यंत भिजवला. पाटावर बसल्या बसल्या पुढं वाकल्या आणि तीन बोटं जुळवून गुडघ्याच्या उंचीवरच्या हवेतनं असं काही झटकन उचललं, की मला तिथं काहील दिसली. हात पुन्हा पाण्यात. पण त्यांची नजर हातावर नव्हती. ती समोर, गॅसच्या ओट्याखाली, जिथं चुलवाण असतं तिथं.

"डोळं जाळावर. बोटं पाकात. आमचं दादा बोटाकडं कधी बघायचं न्हाईत. गोळी झाली की काहिलीच्या काठावर हानायचं. टण्ण वाजली की झालं. मग वरडायचं."

आत्यांचे वडील गुळव्या होते, एवढं मला माहीत होतं. कथा लिहिताना मी त्यांना किती तरी विचारलं होतं आणि त्यांनी दोन दोन शब्दांत उत्तरं दिली होती. चौथीत शाळा सुटली, पुढं लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्या, घर उभं केलं. पण तो हात त्यांच्या अंगात तसाच होता. विचारून जे निघालं नाही, ते दुसऱ्या कुणाचा हात चुकताना बघून निघालं. माझी लेक इतिहासाचं पुस्तक हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. आजीला असं वाकलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मैत्रिणीनं त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. आत्या तिला रागे भरू लागल्या: "मनगट सैल सोड, बाळ. ताठ हात भाजतोय." पाऊण तास आमच्या स्वयंपाकघरात गूळ होत होता. लसूण तशीच.

मग मी पेन्सिल घेतली आणि शेवटच्या पानावर तिरकी रेघ मारली. मोठी झालेली पोर मला आता कागदावर नको होती. ती समोर पाटावर बसली होती. कागलला फोन करून सांगितलं, "काढलं." तो फक्त "बरं केलंस" म्हणाला आणि संध्याकाळी शेवटची एसटी चुकेल म्हणून मोटारसायकलवर आला.

शाहू स्मारकला गर्दी चांगली होती. आत्या पहिल्या रांगेत, मुलगा आणि नातीच्या मध्ये, इरकल नेसून. मैत्रीण त्या वाक्याशी आली तेव्हा तिनं कागद खाली ठेवले. हात भिजवला, बोटं जुळवली, डोळे समोर जाळावर. लाकडी टेबलाच्या कडेवर तिनं बोटांचं हाड वाजवलं आणि ओरडली, "उतराऽऽ!" आणि संपलं. टाळ्या लगेच आल्या नाहीत. तिसऱ्या रांगेतला एक माणूस खुर्चीतनं अर्धा उठला होता, काहिलीला हात लावायला निघाल्यासारखा. मग टाळ्या आल्या.

कार्यक्रमानंतर तोच माणूस पुढं आला. करवीर तालुक्यातला शेतकरी, पन्नाशीचा. मैत्रिणीला म्हणाला, "बाई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" तिनं आत्यांकडं बोट दाखवलं. तो आत्यांच्या पाया पडला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. त्यांचं गुऱ्हाळ बंद झालंय. माणसं मिळत नाहीत, ऊस कारखान्याला जातो. काहील शेडमध्ये पालथी घालून ठेवलीय आणि भंगारवाला दर वर्षी विचारून जातो. "देऊ वाटंना," म्हणाला. मग दोघांचं भेंडीच्या पाण्यावर सुरू झालं. भेंडी ठेचून किती वेळ भिजवायची, मळी पहिली कधी काढायची, कुठल्या रानाच्या उसाचा गूळ पिवळा येतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय हे त्याला अभिमानानं सांगायचं होतं. आत्यांना त्यांच्या दादांच्या हाताचा रंग सांगायचा होता. संयोजक किल्ल्या घेऊन ताटकळले तरी दोघं उठेनात. मी, कवी मित्र आणि मैत्रीण बाजूला उभे राहून ऐकत होतो, आणि मला मनापासून वाटत होतं की संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम आत्ता चाललाय.

त्या माणसाच्या शेडवर आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय. मित्राला त्या पालथ्या काहिलीवर कविता लिहायची आहे. मला आत्यांचं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्यायचं आहे, त्यांच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. दिवाळी अंकासाठी त्यातनं काय निघेल ते निघेल. त्याआधी रविवारी गडहिंग्लजच्या एका वाचनालयात हीच कथा आहे. आमच्या या भागात वाचनालयं मुरलेली आहेत. कोल्हापूर संस्थानात १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला होता. गावची माणसं अजून सतरंजीवर मांडी घालून दोन तास ऐकतात, आणि मधे उठून चुकलं तर सांगतात. तिथं वाचून झालं की आत्यांनी दहा मिनिटं बोलावं, असा मैत्रिणीचा हट्ट आहे.

आत्यांनी आधी नको म्हटलं. रात्री भाकरी थापता थापता स्वतःच विषय काढला.

"गडहिंग्लजला गुळाची माणसं असतील न्हवं?"

"असतीलच की."

"मग येतो मी. पर पोरीचा सोमवारी पेपर हाय का बघ आधी. आसंल तर अंधाराच्या आत घरात पायजे."